लेकीला घेऊन लिहायला गेलो

मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. उपकेंद्र हा कागदावरचा शब्द, आमच्याकडं सगळे त्याला सबस्टेशनच म्हणतात. परभणी तालुक्यात शेतांच्या मधोमध जाळीचं कुंपण, आत ट्रान्सफॉर्मर आणि कडेला पंखा असलेली एक खोली, एवढा आमचा संसार. ड्यूटी पाळीनं असते, त्यामुळं सुट्टी कधी मंगळवारी येते, कधी शुक्रवारी. रविवारी सुट्टी मिळाली तर ती नशिबाची समजतात. मग कुणी घर धुऊन काढतं, कुणी सासुरवाडीला जातं, आणि शहाणी माणसं दुपारी दार लावून झोपतात.

मागच्या वर्षी मला असा एक रविवार मिळाला आणि मी तो लेखन कार्यशाळेला देऊन टाकला.

कुठल्या तरी ग्रुपवर निरोप फिरत आला होता. परभणीतल्या एका वाचनालयात दिवसभराची कार्यशाळा, ‘लिहावंसं वाटतं पण जमत नाही, अशा सगळ्यांसाठी’. ते वाचून मला वाटलं, कुणीतरी माझी चौकशी करूनच हे लिहिलंय. ड्यूटीवर निवांत असलं की मी मोबाईलवर दोन-चार ओळी लिहायचो आणि परत पुसून टाकायचो. लिहिलेलं कुणालाच दाखवलेलं नव्हतं, बायकोलासुद्धा. त्यामुळं कार्यशाळेला नाव दिलंय हे तिला सांगायलाही मला दोन दिवस लागले.

“कार्यशाळा म्हणजे परत शाळाच की,” ती म्हणाली. “तुमी शाळेला जाताना दाराला धरून रडायचात, असं आत्याबाईच सांगतेत.”

“ही वेगळी असती.”

“जेवण हाय का तिथं?”

“हाय.”

“मग जा.”

ती खाजगी दवाखान्यात नर्स आहे. त्या रविवारी तिलाही सुट्टी होती, म्हणून पोरीची काळजी नव्हती. पोरगी आमची पाच वर्षांची. पण शनिवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. तिच्या जागी येणाऱ्या सिस्टरची सासू न्हाणीत घसरून पडली होती, तर उद्याची ड्यूटी हिनं करावी. शेजारच्या काकू पोरीला सांभाळतात, पण त्या लग्नासाठी पेडगावला गेलेल्या. आई गावाकडं.

“मग मी जात न्हाई,” मी म्हणालो.

“कामून? तिला न्या की संगं.”

“अगं, तिथं लोक लिहायला येणारेत.”

“ती बी लिहिती. आता तं ज्ञ पण यायला लागलाय तिला.”

असा आमचा दोघांचा कार्यशाळेला जायचा बेत ठरला.

सकाळी बायको लवकर निघून गेली. मी पोरीला आंघोळ घातली, तिच्या दोन वेण्या घालायचा प्रयत्न केला, त्यातली एक जमली. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, रंगाच्या कांड्या आणि एक जादा फ्रॉक भरला. माझ्या पिशवीत फक्त वही आणि पेन होतं. पिशव्या बघून कार्यशाळा कुणाची आहे हे कुणालाही कळलं असतं. खाली आलो तर शेजाऱ्यांची शेळी आमच्या मोटारसायकलच्या सीटवर चढून बसलेली. चारी पाय पोटाखाली घेऊन, मान वर करून, रस्त्याकडं बघत. मी हुसकलं तरी हलेना. शेवटी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली. तिनं जाताना माझ्या इस्त्रीच्या शर्टाला अंग घासलं, आणि त्या वासासकट मी साहित्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. खुर्च्या गोलात मांडलेल्या. वीस-पंचवीस माणसं आली होती. पोरीला तिच्या आजीनं शिकवलंय, की माणसांत गेलं की हात जोडून जय भीम म्हणायचं. तिनं दारातूनच मोठ्या आवाजात सगळ्यांना एकदाच म्हणून टाकलं. काहींनी जय भीम म्हटलं, काहींनी नमस्कार, आणि पांढरा सदरा घातलेले एक निवृत्त तलाठी होते ते म्हणाले, “राम राम, मालकीणबाई.” मालकीणबाई म्हटलेलं तिला फार आवडलं. ती सरळ जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्यामुळं मलाही तिथंच बसावं लागलं.

शिकवायला एक बाई बाहेरगावाहून आल्या होत्या. साठीच्या, सुती साडी, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पोरीकडं पाहिलं आणि मला विचारलं, “ही कुणाबरोबर आलीय?”

“माझ्याबरोबर, मॅडम. तिच्या आईला अचानक ड्यूटी लागली.”

“दिवसभर शांत बसेल का?”

“बसंल की,” मी म्हणालो.

“मी न्हाई बसणार,” पोरगी म्हणाली.

मॅडमच्या कपाळावर एक आठी आली. मी मनातल्या मनात घरी जायची तयारी केली. इतक्यात पलीकडून एक बाई म्हणाल्या, “राहू द्या मॅडम, माझ्याकडं देते मधूनमधून. मला सवय हाय लेकरांची.” या पेडगावच्या, तिथं त्यांचं ब्युटी पार्लर होतं. त्यांनी पोरीला जवळ बोलावलं आणि पहिल्यांदा माझी न जमलेली वेणी सोडून नीट घातली. मॅडमनी ते पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

मग ओळखी झाल्या. प्रत्येकानं आपण कशासाठी लिहितो हे सांगायचं होतं. तलाठी म्हणाले, “मी समाजप्रबोधनासाठी लिहितो,” आणि त्यांनी आतापर्यंत आई या विषयावर केलेल्या कवितांची एक जाड फाईल वर करून दाखवली. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, मनातली घुसमट मोकळी करण्यासाठी. पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, “खुर्चीत बसली की बाई बोलायला लागती. किती तरी गोष्टी कानावर पडतेत. त्या डोक्यात साठून डोकं दुखायला लागलं, म्हणून.” माझी पाळी आली. मी म्हणालो, “आज सुट्टी होती.”

सगळे हसले. मला वाटलं माझं सगळं बिघडलं, पण मॅडमही हसत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी तेवढ्यापुरती गेली होती.

पहिलं काम त्यांनी सोपं दिलं. आज घरातून निघताना जे पाहिलं त्यातली एक गोष्ट लिहायची. फक्त एक. हॉल गप्प झाला. पेनांचा आवाज यायला लागला. मी वही उघडली आणि लिहिलं, ‘पहाटेच्या मंगल वातावरणात पूर्व दिशा उजळली होती.’ लिहून झाल्यावर लक्षात आलं, की मी उठलो तेव्हा पूर्व दिशा उजळून बराच वेळ झाला होता आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. ते खोडलं. दुसरी ओळ सुचेना.

तेवढ्यात पोरगी पार्लरवाल्या बाईंकडून परत आली, माझ्या मांडीवर चढली आणि वहीत डोकावली.

“पप्पा, काय लिहायलाव?”

“सकाळी काय बघितलं ते लिहायचंय.”

“शेळी,” ती म्हणाली.

“हळू बोल.”

“शेळी लिहा,” ती कुजबुजली. तिचं कुजबुजणं चार खुर्च्यांपर्यंत ऐकू जातं. “मी सांगते, तुमी लिहा.”

मी विचार केला, हिला गप्प ठेवायला हा उपाय चांगला आहे. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझ्या कानात गरम श्वास सोडत तिनं सगळी गोष्ट सांगितली, मध्ये एकदा बिस्कीट खायला थांबली, आणि शेवटी म्हणाली, “झालं.” तोवर मॅडमनी टाळी वाजवून वेळ संपल्याचं सांगितलं.

वाचन सुरू झालं. तलाठ्यांनी सकाळी घराबाहेर पडताना आईच्या फोटोला नमस्कार केला, त्याची कविता वाचली. कॉलेजातल्या मुलीनं खिडकीवरच्या कबुतरांबद्दल वाचलं. मग मॅडम माझ्याकडं वळल्या.

मी उभा राहिलो. “मॅडम, हे माझं न्हाई. मला काही सुचलं न्हाई. हे पोरीनं सांगितलंय, मी नुसतं लिहून घेतलंय.”

“वाचा.”

मी घसा साफ करून वाचलं. “आज प्रातःकाळी आमच्या दुचाकीवर एक शेळी विराजमान झाली होती. जणू काही तिलाही दूरच्या प्रवासाची ओढ लागली असावी. परंतु नियतीने तिला साथ दिली नाही.”

“न्हाई,” मांडीच्या उंचीवरून आवाज आला.

मी वाचायचा थांबलो.

“मी असं न्हाई म्हणले, पप्पा.”

“तसंच हाय ते, बाळा.”

“न्हाई. मी म्हणले शेळी गाडीवर बसली होती. तिला गावाला जायचं होतं. पण तिच्याकडं चावी न्हवती.”

पार्लरवाल्या बाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, आणि त्यांच्यामागं सगळा हॉल. तलाठी तर खुर्चीचे हात धरून हसत होते. पोरीला कळेना काय झालं. ती रागानं माझ्याकडं बघत होती, कारण तिच्या दृष्टीनं मी तिचं सांगितलेलं सगळं चुकवलं होतं.

मॅडमनी हसू ओसरू दिलं. मग उठून आमच्याजवळ आल्या आणि गुडघे दुमडून पोरीसमोर बसल्या. “मग पुढं शेळीनं काय केलं?”

“तशीच बसली. वाट बघायली होती.”

“कुणाची?”

“चावीची.”

मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, “चावी होती की तिच्या गोष्टीत. मग तिथं नियती कशी काय आली?”

मी खरं ते सांगितलं. “मॅडम, लिहायचं म्हटलं की तसलेच शब्द येतेत. शाळेत मी ‘न्हाई’ लिहिलं तर गुरुजी लाल रेघ मारायचे. तवापासून लिहायला बसलो की मी दुसराच माणूस होतो.”

“रेघ मारणारे गुरुजी इथं नाहीत,” त्या म्हणाल्या. “परत वाचा. ती म्हणाली तसं.”

भर हॉलात, इतक्या शिकलेल्या लोकांपुढं, ‘न्हवती’ असं वाचायला माझी जीभ अडखळली. वाचलं. तीन-चार वाक्यंच होती. या वेळी कुणी हसलं नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर ती शेळी दिसत होती, हे मला समोरून स्पष्ट दिसलं. पोरगी म्हणाली, “आता बराबर,” आणि बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

जेवणात पोळी, वरण, वांग्याची भाजी आणि जिलेबी होती. आम्ही गच्चीवर सावलीत बसलो. मॅडम ताट घेऊन आमच्यातच आल्या. जेवताना त्यांची भाषा हळूहळू बदलत गेली. पोरीनं वांगं बाजूला काढलं तर म्हणाल्या, “खा गं, लय ग्वाड झालंय.” आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो तेव्हा त्यांनी सांगितलं, माहेर इथलंच, जिंतूरचं. लग्न होऊन गेल्यावर तिकडं लोक हसायचे, म्हणून बोलणं बदललं. मग कॉलेजात शिकवायला लागल्या आणि आयुष्यभर पोरांच्या वह्यांत तसल्याच लाल रेघा त्यांनीही मारल्या. “आता रिटायर झाल्यावर पुसत फिरते,” असं म्हणून त्यांनी तलाठ्यांच्या ताटातली जिलेबी उचलून पोरीला दिली. तलाठ्यांना साखरेचा त्रास होता, ते जिलेबीकडं नुसते बघत बसले होते.

जेवण झाल्यावर तलाठी आणि पोरगी खाली वाचनालयात लहान मुलांची पुस्तकं बघायला गेले. परत आले तेव्हा त्यांनी एकमेकांना बऱ्याच गोष्टी सांगितलेल्या दिसल्या. पोरगी मला म्हणाली, “आजोबाच्या आईला बी शेळ्या होत्या. एकीचं नाव राणी होतं.” तलाठी खुर्चीत बसले, फाईल उघडली, जरा वेळ चाळली आणि मिटून पायाशी ठेवली. “इतक्या कविता केल्या,” ते मला म्हणाले, “पण एकीतबी शेळी आली न्हाई बघा.”

दुपारचं काम मॅडमनी असं दिलं, की ओळखीच्या एखाद्या माणसाचं बोलणं लिहायचं. तो जसा बोलतो तसंच. त्यात आपण सुधारणा करायची नाही.

मला लगेच एक म्हातारी आठवली.

आमच्या सबस्टेशनचा मोबाईल नंबर आसपासच्या सगळ्या गावांत आहे. लाईट गेली की फोन सुरू होतो. लाईट कधी येणार, कामून गेली, झोपलाव का, एवढंच लोक विचारतात. आम्हाला त्याची सवय झालीय. वाऱ्यानं फांदी तारेवर पडलेली असते, नाहीतर माकडानं उडी मारलेली असते. लाइनमन तिकडं पळालेला असतो आणि फोनवर मी एकटा शिव्या खात असतो. पण एक म्हातारी अशी होती, की ती लाईट गेल्यावर कधीच फोन करत नसे. लाईट आल्यावर करायची. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. नंबर फोनमध्ये ‘आली बरं का आजी’ असा जपून ठेवला होता.

पोरगी मांडीवर चढून माझ्या खांद्याला डोकं लावून बसली. जेवण आणि जिलेबी अंगावर आली होती. मी डावा हात तिच्या पाठीखाली घातला आणि उजव्या हातानं लिहीत गेलो. सकाळसारखं अडलो नाही, कारण म्हातारीच बोलत होती, मी फक्त मागं मागं चाललो होतो. लिहून झालं तेव्हा पोरगी गाढ झोपली होती आणि माझा डावा हात मुंग्यांनी बधिर झाला होता.

वाचायची पाळी आली तर मला उठता येईना. उठलो असतो तर ती जागी झाली असती.

“मी वाचते,” पार्लरवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी माझी वही घेतली, एकदा मनात वाचली आणि मग मोठ्यानं वाचायला लागल्या:

“हॅलो. लाईट हाफिस हाय का? मी बोलायले. लाईट आली बरं का. मगाशी गेली होती, आता आली. तुमाला ठावं असंल, पर सांगावं म्हणलं. गेल्यावर समदेच वरडतेत तुमाला, आल्यावर कुणी सांगत न्हाई. जेवलास का? मग जेव की. किती उशीर करतूस. हितं पंखा फिरायलाय आता. सुनंनं गिरणी चालू केली. बरं, ठेवते. तू बी पंख्याखाली बस जरा.”

पेडगावच्या त्या बाईंनी हे असं वाचलं, की जणू त्यांच्या घरातलंच कुणी बोलतंय. आवाज जरा खाली आणला होता, ‘बरं का’ला किंचित हेल दिला होता. माझंच लिहिलेलं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. इतकी वर्षं तो फोन मी कामाच्या गडबडीत उचलायचो, ‘हो आजी, बरं आजी’ म्हणून ठेवून द्यायचो. ती मला जेवलास का विचारते, हे मी त्या हॉलात पहिल्यांदा नीट ऐकलं.

वाचून झालं. मग तलाठ्यांनी विचारलं, “पुढं काय झालं?”

“पुढं काही न्हाई,” मी म्हणालो. “परत लाईट गेली.”

हशा झाला, पोरगी दचकून जागी झाली, आणि तिनं अर्धवट झोपेतच सगळ्यांना परत जय भीम म्हटलं. तलाठी हात जोडून म्हणाले, “जय भीम, मालकीणबाई.”

निघताना मॅडमनी प्रत्येकाच्या वहीवर काहीतरी लिहून दिलं. माझ्या वहीवर त्यांनी लिहिलं, ‘लय चांगलं.’ खाली सही केली आणि स्वतःशीच हसल्या.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली तेव्हा मी भाकरी थापत होतो. माझ्या भाकरीला कडा नसतात, नकाशा असतो. ती पाय पसरून भिंतीला टेकली. काही विचारायच्या आत पोरीनं तक्रार मांडली, “मम्मी, पप्पानं माझं चुकीचं लिहिलं. मग मी सांगितलं. मग बराबर झालं.”

“काय लिहिलं?” बायकोनं मला विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भर हॉलात वाचून झालं होतं. मी पिठाचे हात धुतले आणि वही आणली. शेळीचं वाचल्यावर ती हसून लोळली. मग म्हातारीचं वाचलं. ती म्हणाली, “आमच्या वार्डात बी तसंच असतंय. दुखायलं की बेल वाजवतेत. दुखायचं थांबलं म्हणून कुणी बेल वाजवत न्हाई.” मग म्हणाली, “ह्या आजीला तुमी कधी फोन केला का?”

“मी कशाला करू? मला काय सांगायचं असतं?”

“जेवलाव का, ते तं विचारा.”

ते माझ्या डोक्यात राहिलं. पुढच्या आठवड्यात दुपारची ड्यूटी होती. सगळं सुरळीत चालू होतं, वारा नव्हता, फोनही शांत होता. मी नंबर काढला आणि लावला.

“हॅलो, आजी. सबस्टेशनमधून बोलायलोय.”

फोन तोंडापासून लांब धरून तिनं आरोळी ठोकली, “अगं ये, मोटर चालू कर, टाकी भरून घी बिगी बिगी. लाईट जायलीय, हाफिसातून फोन आलाय.”

“न्हाई आजी, लाईट न्हाई जायली. ऐका तरी.”

“मग?”

“सहज केला.”

“सहज?” तिला ते पटेना. “हाफिसातून कुणी सहज फोन करतंय व्हय? काय झालं, नीट सांग.”

मी सांगितलं, की एका ठिकाणी लिहायला शिकवतात, तिथं गेलो होतो, आणि तिथं मी तुमच्याबद्दल लिहिलं.

“तक्रार लिहिली का मपली?”

“न्हाई, चांगलं लिहिलंय.”

“वाच मग.”

मी मोबाईल कान आणि खांद्यात धरला, वही उघडली आणि वाचलं. मागं मोटर चालू झाल्याचा आवाज येत होता, टाकीत पाणी पडत होतं. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. झाल्यावर म्हणाली, “हे तं मी बोलते तसंच हाय.”

“हो आजी.”

“मग ह्यात तू काय लिहिलंस?”

मी म्हणालो, “जेवलाव का, आजी?”

“जेवले की कवाच.” मग तिचा आवाज जरा खुलला. “लिहायचंच हाय तं खरं काही लिही. आमच्या घरी पहिल्यांदा लाईट आली तवा मपल्या मालकानं कुणाला बटणाला हातच लावू दिला न्हाई. रातभर बलप चालू, दिसभर बी चालू. म्हणायचे, बंद केली अन् परत आलीच न्हाई तं? शेजारपाजारचे हसायचे. लेकरं तोंडावर पांघरूण घेऊन झोपायची. मग एक दिवस ते शेतात गेल्यावर मीच बंद केली. भ्यातच केली, देवाचं नाव घेऊन. परत चालू केली, तं आली. मग परत बंद, परत चालू. लय मजा वाटली बघ. सांजच्याला ते घरी आले, तं मी त्यांच्यासमोर बटण खाली केलं अन् वर केलं. ते बलपाकडं बघत खाली बसले. लिहायलास का?”

मी पेन शोधत होतो. “लिहायलोय, आजी. जरा हळू सांगा.”